अपघात मोजले, पण सुखरूप परतलेल्यांचं काय?

आधी एक छोटं कोडं. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या जाहीर होतात. स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात, पाचव्या पातळीला फार थोडे. मग पाचवी पातळी सुरक्षित का? उत्तर तुम्हाला लगेच सुचलं असेल: पाचव्या पातळीला डोंगरावर जातंच कोण? हे उत्तर लक्षात ठेवा, कारण आज ज्या संशोधनाबद्दल लिहितोय, त्यात हाच प्रश्न निसटला आहे.

इयान मॅककॅमन यांचा हौशी गिर्यारोहक आणि स्कीपटूंच्या हिमअपघातांवरचा लेख २००४ साली आला. त्यांनी १९७२ ते २००३ या काळातले अमेरिकेतले ७१५ अपघात तपासले. त्यांचा प्रश्न जबरदस्त होता: धोक्याची चिन्हं समोर दिसत असताना, प्रशिक्षण घेतलेली माणसंसुद्धा त्या उतारावर का जातात? उत्तर म्हणून त्यांनी मनाचे सहा सापळे मांडले. ओळखीची जागा, इतरांच्या नजरेत भरण्याची ओढ, ठरवलेलं तडीस नेण्याचा हट्ट, गटातल्या जाणकारावर भिस्त, ताज्या बर्फावर पहिला माग आपलाच हवा ही घाई आणि आजूबाजूला माणसं असल्याचा धीर. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं ‘फॅसेट्स’, आणि ते हिमसुरक्षेच्या वर्गांमध्ये सर्रास शिकवलं जाऊ लागलं.

या लेखाचं श्रेय मोठं आहे. त्याआधीचा भर बर्फावर होता: कमकुवत थरावर घट्ट थर कसा बसतो, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो माणसाच्या वजनाने कसा सुटतो, वगैरे. मॅककॅमन यांनी बोट माणसाकडे वळवलं. प्राणघातक अपघातांत तो थर बहुतेक वेळा बळी पडलेल्याने किंवा त्याच्याच सोबत्याने सोडवलेला असतो, तेव्हा हे वळण गरजेचंच होतं.

मी हा लेख जर्नल क्लबमध्ये अगदी भारावून सादर केला. ‘बहुतेक अपघात ओळखीच्या उतारांवर होतात’ ही स्लाइड आली आणि एका ज्युनियरने विचारलं, “पण दादा, लोक जास्त जातात कुठे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेखातही नाही.

आकडे कल्पून बघू. एका हिवाळ्यात १००० फेऱ्या झाल्या, ८०० ओळखीच्या उतारांवर, २०० अनोळखी. अपघात १०, त्यातले ७ ओळखीच्या जागी, ३ अनोळखी. नुसते अपघात पाहिले तर ओळखीची जागा घातक वाटते. पण दर हजार फेऱ्यांमागे काढा: ओळखीच्या जागी सुमारे ९, अनोळखी जागी १५. निष्कर्ष उलटा!

दुसरा मुद्दा जरा खोल आहे. ओळखीच्या जागी प्रशिक्षित गटही अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करतात, असं लेख सांगतो. पण ही तुलना अपघात झालेल्या गटांमधलीच आहे. चिन्हं ओळखून अर्ध्या वाटेवरून परतलेला प्रशिक्षित गट या यादीत येणारच नाही. म्हणजे ज्यांच्या बाबतीत प्रशिक्षण कामी आलं, तेच नेमके गाळले गेले.

याचा अर्थ सापळे खोटे आहेत असा नाही. ते चांगलं गृहीतक आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नाही. शिकवताना मात्र हा फरक पुसला गेला. आणि इथे चुकीच्या भरवशाची किंमत जिवाने मोजावी लागते.

मग सुखरूप परतलेले मोजायचे कसे? २०१५ साली स्विस संशोधकांनी एक वाट दाखवली. गिर्यारोहणाच्या दोन संकेतस्थळांवर लोकांनी स्वतः नोंदवलेल्या फेऱ्या घेऊन त्यांनी अपघातांशी ताडून पाहिल्या. यातही खोट आहेच, कारण फेरी नोंदवणारा माणूस सगळ्यांचा प्रतिनिधी नसतो. पण भागाकारात खाली लिहायला निदान एक आकडा तरी मिळाला.

हे लिहिताना मी स्वतःच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण पुन्हा उघडलं. विषय घाटातल्या दरडी. माझी सगळी नोंद रस्ता बंद झालेल्या दरडींची आहे. रानात कोसळलेली दरड कुणी लिहून ठेवलेली नाही. आणि मी मात्र ऐटीत लिहिलं होतं की दरडी रस्त्यालगत जास्त पडतात! ते वाक्य आज खोडलंय.

तुमचा डेटा हातात आला की पहिला आलेख काढण्याआधी एका कागदावर लिहा: या यादीत यायला काय घडावं लागतं, आणि ते न घडलेले कुठे आहेत?