टाकाकियाचे वर्गीकरण : एक चिकित्सा

हात्तोरी व इनोउए यांनी १९५८ साली जपानमधील नमुन्यांवरून टाकाकिया ही प्रजाती प्रस्थापित करून तिचा समावेश यकृतकांत केला. मूलकल्पांचा अभाव व विभागलेली पर्णे यांमुळे ती हॅप्लोमिट्रियमनजीक मानली गेली. तथापि या निर्णयाच्या वेळी बीजुकधारी पिढी अज्ञात होती. अल्यूशन बेटांवरील नमुन्यांवरून स्मिथ व डेव्हिसन यांनी १९९३ मध्ये तिचे वर्णन केले. मध्यस्तंभ असलेला, सर्पिल चिरेने उघडणारा बीजुककोश आणि इलेटर पेशींचा अभाव ही लक्षणे हरितांकडे निर्देश करतात. पुढे जनुकीय पुराव्यानेही त्यास दुजोरा दिला. म्हणूनच टाकाकियाला यकृतकांत ठेवणारी जुनी मांडणी अध्यापनात ग्राह्य ठरत नाही. अपूर्ण जीवनचक्रावर आधारलेले वर्गीकरण तात्पुरतेच असते, हेही विद्यार्थ्यांस सांगणे अगत्याचे आहे.