मीठ, कुबडी आणि जिना

रूपक हा अलंकार आहे असे आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. उपमेय-उपमानांत भेद उरला नाही की रूपक, इतके फळ्यावर लिहिले की तास संपतो. पण रूपक कवितेपेक्षा जास्त राबते ते पेढीवर, कचेरीत आणि गिरणीच्या फाटकावर. माणूस रूपकाने नुसता बोलत नाही, रूपकातच विचार करतो, असे लॅकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली ग्रंथ लिहून मांडले. 'मायबाप', 'अन्नदाता', 'खाल्ल्या मिठाला जागणे' हे शब्द ज्यांच्या पाठीवरून गेले, त्यांना ते आधीच ठाऊक होते. घाम गाळणारा तो घेणारा, आणि त्या घामावर बसणारा तो देणारा! मजुरी हा हिशेब आहे. तिचे मीठ झाले की उपकार होतो, आणि उपकाराचा हिशेब मागता येत नाही.

आजच्या व्यवस्थापनाच्या भाषेत मीठ गेले आणि कुटुंब आले. कंपनी म्हणजे एक कुटुंब, असे म्हटले की पगारवाढ मागणारा कृतघ्न ठरतो. आणि हे दुखणे एकट्या मालकाच्या भाषेचे नाही. 'कामगारांची एक मूठ' हेही रूपकच. मुंबईच्या कापडगिरण्यांत जास्त मजुरीच्या विणाई खात्यापासून अस्पृश्य कामगाराला दूर ठेवले जाई, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या थुंकीचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ती मूठ धोट्यापाशी सुटत होती.

पुढे 'आजारी गिरणी' आली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ साली अशा गिरण्यांसाठी निघाले, आणि १९८५ साली आजारी उद्योगांसाठी वेगळा कायदाच झाला. आजार कोणी करत नाही, तो होतो. नफा काढून नेणारे, यंत्रे न बदलणारे, जमिनीवर डोळा ठेवणारे हात त्या एका विशेषणाआड दिसेनासे होतात. मग १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपावर सारा दोष टाकणे सोपे जाते. गिरणीला 'आजारी' म्हणायचे आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला 'अतिरिक्त'!

मला अधिक काळजी वाटते ती माणूस स्वतःशी जे बोलतो त्याची. आमचे विद्यार्थी पदवी घेऊन येतात आणि म्हणतात, 'सर, कुठंतरी चिकटवा.' चिकटतो तो उपरा. त्याला कोणीही झटकावे. सवलतीला कुबडी म्हणणारे रूपक आपल्या विरोधकांनी घडवले हे खरे, पण वसतिगृहाच्या खोलीत आपलाच मुलगा रात्री ते स्वतःला ऐकवतो. कुबडी म्हटले की दोष त्याच्या पायात आहे हे आपोआप मान्य होते, आणि रस्ता कोणी खणून ठेवला हे विचारायचे राहून जाते. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके यावर उपाय म्हणून यशाची शिडी देतात. शिडी चढणाऱ्याच्या दमाबद्दल बोलते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जातींच्या मजल्यांचा, पण जिना नसलेल्या मनोऱ्याचे रूप दिले. ते रूपक बांधणाऱ्याबद्दल बोलते. दम कमी म्हणून वर जाता आले नाही असे स्वतःला सांगणारा मुलगा आणि जिनाच नव्हता हे ओळखणारा मुलगा, यांचा दुसरा दिवस सारखा उजाडत नाही.

२००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन झाले. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, हा त्यांचा नारा. त्यातली जिद्द मला मोलाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या मागायला लावलेल्या माणसाने ताठ उभे राहण्यासाठी असा शब्द हवाच होता. तरी 'देणारा' या शब्दाशी मी अडखळतो. तो अन्नदात्याच्याच घरचा आहे. आपल्या उद्योजकांनी पगाराच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला विचारावे, त्याला तो कसा ऐकू येतो.