पहिल्या रात्रीचे निवेदन : डान्सबार आणि नवख्याची नजर

१

महानगरातील रात्रीच्या करमणुकीच्या जागांविषयी जे लेखन झाले आहे, त्यात एक पात्र पुनःपुन्हा भेटते : तेथे प्रथमच पाऊल टाकणारा पुरुष. कोणीतरी जाणता मित्र त्याला घेऊन येतो, दार उघडते, डोळे दिपतात, आणि जे दिसते ते तो वाचकाला सांगू लागतो. मुंबईच्या डान्सबारविषयीच्या लेखनात, वृत्तान्तात आणि चित्रपटांत ही योजना इतकी रूढ झाली आहे की ती योजना आहे याचाच विसर पडावा. वाचकालाही ती जागा अपरिचित असते. तेव्हा त्याच्या वतीने पाहणारा निवेदकही नवखा असणे स्वाभाविक वाटते. हे स्वाभाविक वाटणे तपासून पाहण्याजोगे आहे.

नवख्या नजरेला साहित्यविचारात प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः रशियन रूपवाद्यांमुळे. विक्टर श्क्लोव्स्की यांनी १९१७ मध्ये अपरिचितीकरणाची संकल्पना मांडली. सवयीने बोथट झालेल्या जाणिवेला वस्तू पुन्हा नव्याने दाखवणे हे कलेचे कार्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि त्यांची उदाहरणे प्रामुख्याने टॉलस्टॉयची होती. ‘वॉर अँड पीस’मध्ये खेड्यातून मॉस्कोला आलेली नताशा ऑपेरा पाहते, तेव्हा तिला संगीतनाट्य दिसत नाही, रंगवलेले पुठ्ठे आणि चमत्कारिक हातवारे करणारी माणसे दिसतात. प्रेक्षागृहातील इतरांनी मान्य केलेला संकेत तिला अद्याप मान्य नाही, म्हणून तो उघडा पडतो.

परंतु याच प्रसंगाचा उत्तरार्ध पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. नताशाची ही अलिप्तता फार वेळ टिकत नाही. दिवे, उघडे खांदे, स्वतःकडे वळलेल्या नजरा यांची धुंदी तिला चढत जाते आणि तोच देखावा तिला सहजस्वाभाविक वाटू लागतो. नवखेपणाला सत्य दिसते, पण थोडाच वेळ. आणि ज्याला सत्य दिसले त्यालाच ती जागा सर्वांत आधी गिळते, हे टॉलस्टॉयने ओळखले होते. डान्सबारविषयीच्या निवेदनांची परीक्षा या निकषावर करता येईल.

२

त्यासाठी प्रथम या जागेची रचना ध्यानात घ्यावी लागते. २००५ पूर्वीचा मुंबईतील डान्सबार म्हणजे भिंतींना आरसे, कडेने सोफे, मध्ये मोकळी जागा आणि त्या जागेवर चित्रपटगीतांच्या तालावर घागरा-चोळीत नाचणाऱ्या अनेक स्त्रिया. नाच फार अवघड नसे. पुष्कळदा तो जागच्या जागी डोलण्याइतकाच असे. स्पर्शाला सामान्यतः मज्जाव होता. वेटर मोठ्या नोटांच्या बदल्यात लहान नोटांची बंडले आणून देई आणि गिऱ्हाईक त्या नोटा आवडत्या नर्तकीवर उधळी, किंवा त्यांचा हार करून पाठवी. जमा झालेल्या रकमेत नर्तकीचा आणि मालकाचा वाटा असे. त्याचे प्रमाण बारनुसार बदलत असे.

या व्यवहारात विकली जाणारी वस्तू कोणती? मद्य तर इतरत्र स्वस्त मिळते, आणि नाच चित्रपटात अधिक चांगला दिसतो. विकला जात होता तो निवडले गेल्याचा भास. चाळीस पुरुषांच्या गर्दीत ‘ती’ आपल्याकडेच पाहते, हे वाटणे हीच खरेदी. नर्तकीचे खरे कौशल्य पायांत नसून नजरेत असे : कोणाकडे किती क्षण पाहायचे, केव्हा नजर काढून घ्यायची, कालच्या गिऱ्हाइकाला आज आले नसते तर चुकल्यासारखे झाले असते हे न बोलता कसे सांगायचे. ही श्रमाची एक सूक्ष्म जात आहे.

डान्सबार हे असे नवखेपण तयार करणारे यंत्र आहे. शंभराव्यांदा आलेल्या गिऱ्हाइकालाही पहिल्यांदा आल्यासारखे वाटावे, यासाठीच तेथील अंधार, आरसे आणि नजरा योजलेल्या असतात. वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या ‘बारबाला’ या शब्दातही हेच दडले आहे. त्यातील ‘बाला’ कधी प्रौढ होत नाही, थकत नाही, तिला मुले नसतात, तिचे पाय दुखत नाहीत. शब्दानेच तिला प्रत्येक रात्री नवी केले आहे.

नवख्या निवेदकाची अडचण येथे सुरू होते. ऑपेरा नताशासाठी रचलेला नव्हता, म्हणून तिची नजर त्याच्या संकेताला छेद देऊ शकली. डान्सबार मात्र नवख्यासाठीच रचलेला आहे. त्यामुळे निवेदक डोळे दिपल्याचे वर्णन करतो तेव्हा तो जागेचा संकेत उघडा पाडत नाही; तो पाळतो. त्याचे विस्मयाने भरलेले परिच्छेद हे त्या रात्रीच्या उलाढालीचाच एक भाग होतात. अपरिचितीकरण म्हणून जे हाती येते, ते वस्तुतः सर्वांत परिचित असे सवयीचे वाचन असते.

३

सुकेतू मेहता यांच्या ‘मॅक्झिमम सिटी’ (२००४) या ग्रंथातील डान्सबारविषयक दीर्घ प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मेहता पहिल्या रात्रीवर थांबत नाहीत. मोनालिसा या टोपणनावाने येणाऱ्या नर्तकीच्या घरापर्यंत, तिच्या तुटलेल्या कुटुंबापर्यंत ते पोचतात. बारमध्ये पैसा कसा फिरतो, प्रेमाचे नाटक कसे वाढते, कोण कोणाला फसवतो, याचे त्यांचे निरीक्षण तीक्ष्ण आहे. तरीही निवेदनाचा गाभा शोधाचा राहतो : एकामागून एक पडदे बाजूला होतात आणि प्रत्येक पडद्यामागे निवेदकाला काही नवे सापडते. हनीचा भाग या संदर्भात बोलका आहे. स्त्रीवेशात नाचणारी हनी ही वस्तुतः एक विवाहित पुरुष आहे. बारमधील स्त्रीत्व ही एक रचना आहे, याचा इतका सबळ पुरावा दुसरा नसेल. पण संहितेत या वस्तुस्थितीचे कार्य मुख्यतः रहस्यभेदाचे राहते. तिच्यातून निघणारा प्रश्न, म्हणजे इतर स्त्रियांचे स्त्रीत्वही याच अर्थाने काम आहे काय हा, जेवढा पुढे न्यायला हवा तेवढा जात नाही. नवखा निवेदक जाणता झाला, तरी त्याचे निवेदन नवखेच राहते.

मधुर भांडारकर यांच्या ‘चांदनी बार’ (२००१) या चित्रपटाने ही योजना उलटी केली. तेथे बारमध्ये प्रथम येणारी व्यक्ती गिऱ्हाईक नसून दंगलीत आईवडील गमावलेली मुमताज आहे. पहिली रात्र तिची आहे. तब्बू यांच्या अभिनयात त्या रात्रीचा संकोच अंगभर दिसतो. एका साध्या अदलाबदलीने हे स्पष्ट होते की या जागेत ‘प्रथम’ हा शब्द दोन व्यक्तींसाठी दोन वेगळ्या गोष्टी दर्शवतो. एकासाठी तो अनुभव आहे, दुसरीसाठी कामावरचा पहिला दिवस. चित्रपटाचा उत्तरार्ध अतिनाट्याकडे झुकतो, परंतु हा भेद त्याने प्रस्थापित केला, याचे श्रेय त्याला द्यावे लागेल.

४

हा भेद अधिक काटेकोरपणे मांडण्यासाठी जेरार जनेत यांनी केलेला कथनाच्या वारंवारतेचा विचार उपयोगी पडतो. एकदा घडलेले एकदा सांगणे हा कथनाचा एक प्रकार. अनेकदा घडलेले एकदाच, रीत म्हणून, सांगणे हा दुसरा. नवख्याची रात्र पहिल्या प्रकारात मोडते : ‘त्या रात्री असे झाले’. नर्तकीची रात्र दुसऱ्या प्रकारची मागणी करते : ‘रोज असे होते’. एकाच खोलीत, एकाच गाण्यावर, दोन भिन्न काळ चालू असतात. जे निवेदन केवळ पहिला काळ जाणते, ते खोलीतील निम्म्या माणसांना गाठतच नाही.

सोनिया फलेरो यांचे ‘ब्यूटिफुल थिंग’ (२०१०) हे पुस्तक दुसऱ्या काळाकडे वळते. मीरा रोड येथील एका बारमध्ये नाचणारी, मीरतहून आलेली, एकोणीस वर्षांची लीला त्याच्या केंद्रस्थानी आहे. पुस्तकाचा बराचसा अवकाश बारमध्ये नाहीच. तो तिच्या घरात, मैत्रिणींत, आईशी होणाऱ्या भांडणांत आहे. रात्र येथे कामाची पाळी होते. फलेरो याही बाहेरच्याच आहेत. म्हणजे प्रश्न निवेदक आतला की बाहेरचा एवढाच नाही. त्याने कोणत्या काळात उभे राहायचे ठरवले, हा आहे.

मराठीत या प्रश्नाला जुनी पूर्वपीठिका आहे. डान्सबारमधील नोटांची उधळण ही महानगराची नवी विकृती म्हणून सांगितली गेली; पण तमाशाच्या व संगीत बारीच्या परंपरेत ‘दौलतजादा’ हा शब्द कितीतरी आधीपासून नांदतो आहे. ॲना मॉर्कम यांनी ‘इलिसिट वर्ल्ड्स ऑफ इंडियन डान्स’ (२०१३) मध्ये आणि समीना दलवाई यांनी ‘बॅन्स अँड बार गर्ल्स’ (२०१९) मध्ये दाखवले आहे की बारमधील अनेक स्त्रिया वंशपरंपरेने नाचगाणे करणाऱ्या जातींतून आल्या होत्या. नवख्याला जे आज उगवलेले दिसते, त्याला जातीचा इतिहास असतो. तो इतिहास एका रात्रीत दिसू शकत नाही.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या संदर्भात नव्याने वाचावे लागते. त्याचा निवेदक तमाशात नाचणाऱ्या आईचा, आजोळी वाढलेला मुलगा आहे. या जगात तो कधीही ‘प्रथम’ आलेला नाही. प्रेक्षकाला जी रात्र मौजेची, ती या मुलाला आईच्या गैरहजेरीची आहे. याच पुस्तकात ‘चिरा उतरणे’ या रूढीचे दुःखद दर्शन घडते : तेथे मुलीचे ‘पहिलेपण’ हीच धनिकाने विकत घेण्याची वस्तू ठरते. गिऱ्हाइकाचे पहिलेपण ही आठवण, स्त्रीचे पहिलेपण हा सौदा. नवख्याच्या निवेदनातील निरागसता या शेजारी ठेवली की तिची निरागसता उरत नाही.

असे असले तरी नवखेपणाला सरसकट बाद ठरवता येणार नाही. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. त्या जगातील शब्द आणि संदर्भ आपल्याला कळत नाहीत, याची कबुली तेंडुलकरांनी त्या प्रस्तावनेत दिली. हाही नवखाच आहे. पण तो अज्ञानाचे रूपांतर विस्मयात न करता प्रश्नांत करतो, आणि उत्तरे देण्याचा अधिकार कवीकडे ठेवतो. नवखेपण येथे वाचकाची पात्रता तपासते. डान्सबारविषयीच्या फार थोड्या लेखनाने हे साधले आहे.

५

नवख्याच्या या प्रतिमेचे परिणाम साहित्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून महाराष्ट्र शासनाने उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नाचाला बंदी केली आणि ऑगस्ट २००५ मध्ये ती अमलात आली. हे नाच स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधक आणि सार्वजनिक नीतिमत्ता भ्रष्ट करणारे आहेत, अशी भूमिका त्यामागे होती. परंतु तारांकित हॉटेले, जिमखाने व क्लब यांना या बंदीतून सूट होती. कायदाही एक संहिता आहे असे मानले, तर तिच्यात प्रेक्षकाविषयीचा एक सिद्धान्त गृहीत आहे असे दिसेल : श्रीमंत प्रेक्षक पक्का, त्याला काही होत नाही; गरीब व मध्यमवर्गीय प्रेक्षक कायमचा नवखा, तो बिघडतो. नाच तोच, पाहणारा बदलला की तो गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. त्यानंतर २०१४ ची नवी दुरुस्ती, २०१६ चा स्वतंत्र अधिनियम आणि त्याच्या अनेक अटी रद्द करणारा १७ जानेवारी २०१९ चा निकाल असा हा प्रवास झाला. शेवटच्या निकालात नोटा उधळण्यावरील बंदी टिकली, बक्षिसी देण्याला मुभा राहिली. दौलतजादा आणि बक्षिसी यांत रेघ ओढण्याचे काम अखेर न्यायालयाला करावे लागले.

या चौदा वर्षांच्या वादात बिघडणारा तरुण सतत पुढे राहिला. नाचणारी स्त्री बहुधा पीडित किंवा मोहिनी या दोनच रूपांत आली. दोन्ही रूपे नवख्यालाच दिसणारी आहेत. भाडे देणारी, भावंडांना शिकवणारी, पाळी संपल्यावर रिक्षाने घरी जाणारी कामकरी स्त्री पुढे आणण्यासाठी स्त्री-अभ्यासकांना बारमध्ये जाऊन स्वतंत्र पाहण्या कराव्या लागल्या आणि नर्तकींच्या संघटनेला रस्त्यावर यावे लागले. साहित्याने जी रात्र सांगितली होती, तिच्यात या स्त्रीला जागा नव्हती. म्हणून कायद्यालाही ती सहज वगळता आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

तेव्हा अशा लेखनाच्या समीक्षेने निवेदकाची प्रामाणिकता किंवा वर्णनाचा धीटपणा यांवर समाधान मानू नये. पहिली रात्र कोणाची, आणि त्याच रात्री त्या खोलीत कोणाची हजारावी रात्र चालू होती, हा प्रश्न तिने संहितेला विचारावा. १४ ऑगस्ट २००५ च्या रात्रीनंतर गिऱ्हाइकाची एक मौज गेली. नर्तकीचा दुसऱ्या दिवसाचा रोजगार गेला. पहिल्या नुकसानाची वर्णने विपुल आहेत; दुसऱ्याचा हिशेब मराठी कथनपर साहित्याने अजून मांडायचा आहे.