संशोधनलेखांचे कर्तृत्व आणि प्रश्नकर्त्याचे स्थान

विद्वानांच्या कार्याचे मोजमाप त्यांच्या लेखांच्या संख्येवरून करण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, ती संख्या मुळात कशी मोजली गेली, हे विचारण्याचे भान सहसा राहत नाही. आल्फ्रेड लोट्का यांनी १९२६ साली मांडलेला नियम या प्रथेच्या मुळाशी आहे. रसायनशास्त्रीय लेखांच्या १९०७ ते १९१६ या दशकाच्या सूचीतील ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांनी आरंभ होणारी ६,८९१ नावे त्यांनी तपासली. त्यांत केवळ एकच लेख नावावर असणारे सुमारे ५८ टक्के निघाले. दोन लेख असणारे त्यांच्या सुमारे चतुर्थांश, तीन असणारे सुमारे नवमांश, असा हा उतरता क्रम आहे. नियम सर्वांना ठाऊक असतो. परंतु संयुक्त लेखांचे श्रेय लोट्का यांनी केवळ ज्येष्ठ लेखकाच्याच खाती जमा केले होते, हे क्वचितच सांगितले जाते. जो कनिष्ठ सहकारी होता, तो गणनेस आरंभ होण्यापूर्वीच गणनेबाहेर गेला होता.

नामावलीचा हा मुकेपणा मुलाखतीने दूर होतो, अशी अपेक्षा असते आणि ती पुष्कळशी रास्तही आहे. हॅरिएट झुकरमन यांनी कोलंबिया विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी (१९६५) अमेरिकेतील ४१ नोबेल-विजेत्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या. लेखावरील नावांच्या क्रमाविषयी त्यांनी १९६८ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक मार्मिक निष्कर्ष आहे: कीर्ती स्थिर झाल्यावर हे शास्त्रज्ञ तरुण सहकाऱ्यास पहिले स्थान देऊ लागतात. अशा औदार्यामागील हेतू सूचीवरून कळत नाही. त्यासाठी माणसास विचारावेच लागते. आणि विचारणे सोपे नव्हते. सर्वांना सरसकट विचारण्याचे ठरीव प्रश्न या शास्त्रज्ञांना रुचत नसत. प्रश्नकर्ती आपल्या कार्याचा अभ्यास करून आली आहे की नाही, हे ते तत्काळ ताडीत, असे झुकरमन यांनी १९७२ साली लिहिले आहे. मुलाखत ही केवळ सामग्रीची वेचणी नव्हे, तीत प्रश्नकर्त्याची विद्वत्ता खर्ची पडते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

त्याच १९६८ साली रॉबर्ट मर्टन यांचा ‘मॅथ्यू-परिणामा’वरील सुप्रसिद्ध निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ज्याची कीर्ती आधीच मोठी, त्यालाच संयुक्त कार्याचे अधिक श्रेय मिळते, हा त्याचा प्रतिपाद्य विषय. प्रतिपादनाचा आधार मुख्यतः झुकरमन यांच्या मुलाखतींचा होता. निबंधावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे होते. निबंध १९७३ साली पुनर्मुद्रित झाला तेव्हा तो संयुक्त नावाने यावयास हवा होता, अशी कबुली मर्टन यांनी टीपेत दिली. कबुली प्रामाणिक आहे, याविषयी शंका नको. परंतु टीप वाचणारे थोडे आणि सूची पाहणारे असंख्य. सूचीत तो निबंध आजही एकाच नावावर आहे. श्रेयाच्या अन्यायाचा सिद्धांत मांडणारा निबंधच त्या अन्यायाचे उदाहरण व्हावा, ही विसंगती कोणा विनोदकारालाही सुचली नसती. मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ साली स्त्री-संशोधकांच्या उपेक्षेस ‘मटिल्डा-परिणाम’ असे नाव दिले, तेव्हा याही प्रकरणाची दखल घेतली.

आता मुलाखत पडद्यावर होते. २०२० च्या महासाथीनंतर तर हीच रीत अनेक विभागांत सवयीची झाली. प्रवासाचा खर्च वाचतो, दूरदेशीचा अभ्यासक अर्ध्या तासासाठी का होईना उपलब्ध होतो, संभाषणाची मुद्रित प्रत यंत्र तत्काळ काढून देते. नेमक्या याच सोयीमुळे मुलाखत ही आपोआप घडणारी गोष्ट आहे, असा भास उत्पन्न होतो. मराठीत इंग्रजी मिसळून चाललेले संभाषण यंत्र जसे टिपते, ते ज्याने एकदा दुरुस्त केले असेल, त्याला हा भास फार काळ टिकत नाही. ई-पत्राने घेतलेल्या मुलाखतीत तर पेच अधिकच गुंतागुंतीचा आहे. तेथे उत्तर देणारा सवड काढून, खाडाखोड करून, स्वतःच मजकूर रचतो. अशा मजकुरास ‘प्रतिसादक क्रमांक सात’ म्हणून उद्धृत करणे म्हणजे गोपनीयतेच्या नावाखाली एका लेखकाचे नाव पुसणेच होय. अर्थात जेथे नाव उघड केल्याने माणसाची नोकरी वा प्रतिष्ठा धोक्यात येते, तेथे गोपनीयता राखलीच पाहिजे. परंतु हा निर्णय त्या माणसास विचारून घ्यावयाचा असतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांचीही नोंद ठेवली. परंपरेने आलेल्या ओवीलाही ज्यांनी असा मान दिला, त्यांची रीत विद्यापीठीय मुलाखतकारांनी अभ्यासण्याजोगी आहे.

नामावलीतील हा दोष दूर करण्यासाठी सहभागाचे १४ प्रकार सांगणारे एक वर्गीकरण २०१४ मध्ये पुढे आले आणि २०२२ मध्ये त्यास अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. संकल्पना, पद्धती, लेखन, पर्यवेक्षण अशी त्याची खाती आहेत. मुलाखत घेणे हे त्यांतील ‘अन्वेषण’ या खात्यात, प्रयोगशाळेतील प्रयोग आणि पुराव्यांचे संकलन यांच्याच रांगेत बसते. या कोष्टकानुसार पाहिल्यास १९६८ च्या त्या निबंधात झुकरमन यांचे नाव निदान एका खात्यावर पडले असते. प्रश्न कोणता विचारावा आणि उत्तर ऐकून पुढचा कोणता, ही त्यांची विचारशक्ती मात्र ‘संकल्पना’ या खात्यात नोंदली गेली असती की नाही, हे नोंद करणाऱ्यावरच अवलंबून राहिले असते. उत्तर देणाऱ्यासाठी तर या १४ खात्यांत एकही जागा नाही.