पाच ओळींच्या एका स्क्रिप्टची समीक्षा

समीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कविता येते, नाटक येतं. आज मी पाच ओळींचा एक मजकूर घेतलाय. तो कुणी लिहिला, सांगता येत नाही. पण लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांनी तो कधी ना कधी कुठून तरी उचललेला असतो. ओवीसारखा आहे तो. पाठभेद पुष्कळ, कर्ता गायब. काम एकच : एका ठिकाणी हजारो फोटो पडलेत, ते तारखेप्रमाणे फोल्डरांत लावायचे.

चिन्हं बाजूला ठेवून वाचतो. पहिली ओळ : 'एलएस'ने दिलेल्या यादीतल्या प्रत्येक नावासाठी पुढचं कर. दुसरी : त्या फाइलची तारीख काढ. तिसरी : त्या तारखेचा फोल्डर नसेल तर बनव. चौथी : 'एमव्ही', म्हणजे फाइल तिकडे हलव. पाचवी : संपलं.

आधी गुण सांगतो. अख्खा दिवस माउस ओढत बसायचं काम हा मजकूर मिनिटभरात करतो, आणि काय करणार ते वाचून कळतं. हे थोडं नाही. पण दोष गंभीर आहेत, आणि सगळे एका वजनाचे नाहीत.

पहिल्या ओळीचा दोष सर्वांना ठाऊक असतो. 'गणपती विसर्जन २०१९' असं फाइलचं नाव असेल, तर शेल त्याचे तीन तुकडे करतो आणि तीन फाइली शोधत सुटतो. एकही सापडत नाही. जाणकार लगेच म्हणतात, अवतरणचिन्हं का नाही घातली? मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. युनिक्सने फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून सगळं चालवून घेतलं, अगदी नवी ओळसुद्धा. आणि १९७९च्या बोर्न शेलने, म्हणजे आजच्या बॅशच्या पूर्वजाने, व्हेरिएबलमधली किंमत बाहेर काढल्यावर ती मोकळ्या जागांवर पुन्हा तोडायची असं ठरवलं. एकाने दार सताड उघडं ठेवलं, दुसऱ्याने उंबरठा उंच केला. अडखळला तो मात्र गावंढळ! टॉम डफ यांनी पुढे 'आरसी' शेल लिहिला, त्यात किंमत अशी पुन्हा तोडली जात नाही. म्हणजे दुसरा मार्ग होता. आणि इथे 'एलएस' तर मुळातच नको. नुसतं तारांकन लिहिलं तरी लूप चालतो, नावंही अखंड राहतात.

असो. हा दोष निदान ओरडतो तरी. पडद्यावर तक्रार येते, आपण थांबतो.

दुसरी ओळ ओरडत नाही. ती जी तारीख काढते ती बहुतेक वेळा फाइल शेवटची बदलल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. साध्या 'सीपी'ने कॉपी केली की ती आजची होते. खरी तारीख फोटोच्या आत, एक्झिफमध्ये असते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तीही जाते. मग आजोबांची पंचाहत्तरी आणि बारसं एकाच फोल्डरात, कारण दोन्ही एकाच रविवारी कॉपी केले.

आता चौथी ओळ. माझा खरा राग हिच्यावर आहे. तिकडे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर 'एमव्ही' काय करतो? पुसतो. विचारत नाही, सांगत नाही, आणि काम यशस्वी झाल्याचा निरोप देतो. कॅमेऱ्यांची नावं कशी असतात बघा : चार अक्षरं, चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. आमच्या घरच्या लग्नात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे होते. दोन कार्डांचे दोन फोल्डर, दोन्हींवर मी हीच स्क्रिप्ट चालवली. 'डीएससी ०४१२' दोन्हींत होता. एकात सप्तपदी असेल, दुसऱ्यात पंगत, उरला एकच. एकूण फोटो मोजले तेव्हा कळलं, आणि तोवर कार्डं पुसून झाली होती.

जीएनयू आणि बीएसडी दोन्हींच्या 'एमव्ही'त 'एन' हा पर्याय आहे. तो लावला तर नाव जुळणारी फाइल जागची हलत नाही. दोन अक्षरांचा खर्च. मग प्रचलित पाठात तो का नाही? कारण हा मजकूर ज्याने पहिल्यांदा चालवला त्याचं काही गेलं नाही, आणि ज्याचं गेलं त्याला कळलं नाही. एका पाठात तर तिसरी ओळच गळलेली आहे आणि फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघही नाही. तिथे पहिल्या फोटोचंच नाव '२०१९' होतं, आणि पुढचा प्रत्येक फोटो त्याच्यावर बसतो. शेवटी एक फाइल उरते.

आपल्या भाषेपुरता एक मुद्दा. फाइलच्या नावातल्या पहिल्या शब्दावरून फोल्डर बनवणारा पाठही चालतो. त्यात आमच्याकडे 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर झाले. डोळ्यांना अगदी सारखे. घोळ होता त्या ऱ मध्ये. युनिकोडमध्ये तो एका संकेताने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन संकेतांनी. पहिल्यात तीन बाइट, दुसऱ्यात सहा. लिनक्स नेहमीच्या फाइलव्यवस्थेत फक्त बाइट बघतो, म्हणून त्याच्या लेखी ही दोन गावं. कोणत्या कीबोर्डवर टाइप केलं यावर वऱ्हाड कुठे उतरणार ते ठरलं! नावं आधी एका रूपात आणून घ्यावी लागतात. प्रचलित पाठात त्याचा मागमूस नाही.

नावं शून्य बाइटने वेगळी करून 'फाइंड'कडून 'एक्सआर्ग्ज'कडे द्यायची सोय जीएनयूमध्ये कितीतरी वर्षं होती. पॉझिक्स मानकात ती आली २०२४ला.

माझ्या आताच्या स्क्रिप्टच्या अकरा ओळी आहेत. हलवणारी ओळ एकच. तिच्याआधी 'एको' लावून ती नुसती छापून बघतो, आधी फाइली मोजतो, नंतर मोजतो, आणि कार्ड महिनाभर पुसत नाही. आता प्रश्न घेऊ या. मागे कुणीतरी हात वर केलाय...