‘नवनाथभक्तिसारां’तील किमया व शोक

शिरूर व दौंड या तालुक्यांत, घोड व भीमा या नद्यांच्या कांठच्या गांवांतून, जुन्या पोथ्यांचा शोध करणारास ‘नवनाथभक्तिसार’ हा ग्रंथ वारंवार भेटतो. श्रावणांत त्याचीं पारायणें होतात, आणि पुष्कळ घरांत तो देव्हाऱ्यापाशींच असतो. संग्राहक मात्र तो हातीं आला असतां बहुधा बाजूस ठेवतात. ग्रंथ अर्वाचीन, छापील प्रती विपुल, आणि आंतील चमत्कार इतिहासास निरुपयोगी, असा त्यांचा आक्षेप असतो. यांतील प्रत्येक विधान खरें आहे. परंतु त्यांवरून ग्रंथ टाकाऊ ठरत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कालनिर्णय. धुंडीसुत मालूनें हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१, प्रमाथी नाम संवत्सरीं, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेस पूर्ण केला. शकांत बारा मिळवून साठानें भागिलें असतां बाकी तेरा राहते, आणि तेरावा संवत्सर प्रमाथीच. तेव्हां शक व संवत्सर यांचा मेळ बसतो. इंग्रजी गणनेनें हें साल १८१९ होय. शिरूर तालुक्यांतील कोरेगांव भीमा येथील लढाई १८१८ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस झाली, आणि त्याच वर्षीं पेशवाई संपली. राज्य बुडाल्यानंतर वर्षभरांत शोक व वैराग्य यांची एवढी मोठी पोथी पुरी व्हावी, हा योग लक्ष वेधणारा खरा. पण तेवढ्यावरून कार्यकारणभाव जोडणें हें संशोधन नव्हे.

आपला ग्रंथ गोरक्षनाथांच्या ‘किमयागार’ काव्यास संमत आहे, असें मालू प्रत्येक अध्यायाच्या शेवटीं सांगतो. हें विधान ग्रंथास अधिकार मिळवून देण्यासाठीं आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून तें घेतां येत नाहीं. नाथपरंपरेच्या महाराष्ट्रांतील प्राचीनत्वाचा भक्कम आधार ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटीं आहे. तेथें आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति व ज्ञानदेव अशी गुरुमालिका शके १२१२ मध्यें नोंदलेली सांपडते. मालू त्यानंतर पांचशें एकोणतीस वर्षांनीं लिहितो. तेव्हां त्याजकडे इतिहासकार म्हणून नव्हे, तर कथाकार म्हणून पाहणें न्याय्य आहे.

कथाकार म्हणून त्याचें सामर्थ्य आरंभींच दिसतें. शंकर पार्वतीस गुह्य ज्ञान सांगत असतां मत्स्याच्या उदरांतील गर्भ तें ऐकतो, आणि तोच पुढें मच्छिंद्रनाथ होतो. म्हणजे या पंथाची उत्पत्तिच चोरून ऐकलेल्या गुपितापासून आहे! पुढें कानांत मंत्र, कानास मुद्रा, गुरूवांचून विद्या नाहीं, असा बंदिस्त पंथ उभा राहतो. वाताकर्षणासारख्या अस्त्रांचीं नांवें येतात. परंतु तीं साधावीं कशीं, हें केवळ पोथी वाचून कोणास कळणार नाहीं. गुपित आहे एवढें श्रोत्यास कळतें, गुपित काय तें कळत नाहीं. तरुण श्रोत्यांस या पोथीची गोडी लागते ती यामुळेंच, असें आम्हांस वाटतें.

परंतु चमत्कार मोजीत बसणाऱ्या वाचकाच्या एक गोष्ट ध्यानांत येत नाहीं. या सर्व किमयेची खरी कसोटी लागते ती मृत्यूपुढें. गोपीचंदाच्या कथेंत मैनावती न्हात असलेल्या मुलाचें देखणें शरीर पाहते, आणि याच्या पित्याचा देह जसा राख झाला तसा हाही होणार, या विचारानें तिला रडूं येतें. येथें शोक मृत्यूच्या आधीं आला आहे. ती मुलास जालंदराकडे पाठवूं पाहते, आणि मुलगा त्याच जालंदरास खड्ड्यांत पुरून वर घोड्यांची लीद टाकवितो. भयाच्या पोटीं आलेला उपाय घरांत केवढा अनर्थ करतो, हें मालूनें येथें चांगलें ओळखलें आहे.

भर्तृहरीची कथा याहून कठोर आहे. राणी पिंगलेच्या निष्ठेची परीक्षा पाहण्यासाठीं राजा शिकारीहून आपल्या मरणाची खोटी वार्ता पाठवितो. राणी अग्निप्रवेश करते. आणि राजा बारा वर्षें स्मशानांत तिच्या नांवानें आक्रोश करीत राहतो. मग गोरक्ष तेथें येतो, स्वतःचें मातीचें भांडें फोडून घेतो आणि त्यासाठीं रडूं लागतो. राजा म्हणतो, अशीं भांडीं हवीं तितकीं देतों. गोरक्ष म्हणतो, तर मग मीही पिंगला देतों. आणि विद्येच्या बळानें हुबेहूब सारख्या अनेक पिंगला पुढें उभ्या करतो. राजाचा मोह फिटतो व तो पंथांत शिरतो.

‘वैराग्यशतका’च्या अभ्यासकास ही कथा अपरिचित वाटेल, कारण त्या शतकांत पिंगलेचें नांवही नाहीं, आणि पंडितांत प्रसिद्ध असलेल्या अमरफलाच्या आख्यायिकेंत तर राणी व्यभिचारिणी आहे. परंतु मिथिलेच्या हरिहर कवीचें ‘भर्तृहरिनिर्वेद’ हें नाटक, जें काव्यमालेंत १८९२ सालीं छापलें गेलें, तें पाहिलें असतां खुलासा होतो. तेथें राणीचें नांव भानुमती. तीही राजाच्या मरणाच्या खोट्या वार्तेनें मरते, आणि तेथेंही गोरक्षनाथ फुटक्या पात्रासाठीं रडतो. मिथिलेचा नाटककार व महाराष्ट्राचा ओवीकार एकाच प्रसंगावर येतात, यावरून ही कथा मालूची कल्पना नसून जोग्यांबरोबर देशभर हिंडणारी होती, असें मानणें प्राप्त आहे.

दोहोंतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. हरिहराच्या नाटकांत राणी खरोखरच जिवंत केली जाते, आणि राजा तिचा स्वीकार करीत नाहीं. तो निर्णय राजाचा स्वतःचा आहे. मालूच्या पोथींत राजा निर्णय करीत नाहीं, तो दिपून जातो. विचार या दृष्टीनें नाटक वरचढ. परंतु प्रसंग या दृष्टीनें पोथी वरचढ. एक पिंगला परत आली असती तर ती लाभ ठरती; अनेक आल्या, तेव्हां आपली कोणती हा प्रश्न उरतो, आणि ज्या एकीसाठीं बारा वर्षें रडलों तिचें एकपणच हातांतून निसटतें. किमयेनें सर्व कांहीं देतां येतें, पण गेलेलें माणूस देतां येत नाहीं, हें याहून थोडक्यांत दाखविणें कठीण.

तथापि येथेंच ग्रंथाचा मोठा दोषही आहे. पिंगला मेली ती राजाच्या थट्टेनें. या अपराधाचा जाब गोरक्ष विचारीत नाहीं. शोक विरतो त्याबरोबर अपराधही विरतो. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गांत अज राजास वसिष्ठाचा उपदेश येतो, पण त्याचें समाधान होत नाहीं, मुलगा लहान म्हणून तो आठ वर्षें कशींबशीं काढतो, आणि मग देह ठेवतो. कालिदासानें दुःखास दुःखच राहूं दिलें. आणि अज तर निरपराध होता! मालूचा पंथ शोक करणारास जवळ घेतो हें खरें, परंतु दार उघडतांना त्यास कांहीं विचारीत नाहीं.

अलीकडे जे. के. रोलिंग या आंग्ल लेखिकेच्या हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्या (१९९७ ते २००७) मराठी रूपानेंही मुलांच्या हातीं आल्या आहेत. मेलेल्या आईबापांचें प्रतिबिंब दाखविणारा आरसा पहिल्या भागांत आहे, आणि मृतांच्या छाया बोलावणारा खडा शेवटच्या भागांत. गुप्त मंडळें तेथेंही आहेत. पण तेथें किमया मृत्यूपुढें हात टेकते, आणि पोरका मुलगा दुःख घेऊनच मोठा होतो. मालूचा मार्ग निराळा: तो दुःखाचें मूळच खणूं पाहतो. कोणता बरा, याचा निवाडा वाचकानें करावा. परंतु आपल्या मुलांस अशा कथा परक्या आहेत असें मात्र कोणीं म्हणूं नये.

असो. चाळिसाव्या अध्यायांत प्रत्येक अध्यायाचें फल सांगितलें असल्यामुळें ही पोथी औषधासारखी वापरली गेली, आणि तिचें वाङ्मयीन मोल झांकलें गेलें. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून १९४८ सालीं भर्तृहरीचीं सुभाषितें सिद्ध केलीं. त्याच भर्तृहरीच्या या मराठी कथेस निदान थोडें तरी तसें लक्ष मिळावें. शिरूर-दौंडकडील संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, हस्तलिखित प्रत हातीं आल्यास लेखकाचें नांव, गांव व शक टिपून घ्यावा, भर्तृहरीचे अध्याय छापील प्रतीशीं ताडावे, आणि हळदीकुंकवाचे डाग व बोटांचा मळ कोणत्या पानांवर अधिक आहे तेंही नोंदावें. लोकांनीं कोणता अध्याय पुन्हां पुन्हां उघडला, याची साक्ष त्या डागांवांचून दुसरें कोणी देणार नाहीं.