झाडाझडती कोणाची?

'झाडा' हा जुन्या महसुली दप्तरातला शब्द. गावझाडा म्हणजे गावच्या जमिनीचा नि वसुलीचा तपशीलवार हिशेब. 'झडती' सरकारने रयतेच्या घराची घ्यायची. दोन्ही शब्दांत विचारणारा वरचा आणि उत्तर देणारा खालचा. विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांवरील आपल्या कादंबरीला १९९१ साली 'झाडाझडती' हे नाव दिले, तेव्हा ही दिशाच उलटवली. पुढे इंग्रजी भाषांतर 'अ डर्ज फॉर द डॅम्ड' या नावाने आले. त्यात विलाप आला, पण जाब विचारणे गळाले. मराठी वाचकही या कादंबरीकडे बहुधा शोकांतिका म्हणूनच पाहतो. माझ्या मते ती आधी चौकशी आहे, आणि तिला चौकशीचेच निकष लावायला हवेत. तिने कोणाला विचारले, आणि कोण सुटले?

पाटील स्वतः प्रशासनात अधिकारी होते. दप्तर आतून पाहिल्याचा लाभ कादंबरीला पानोपानी झाला आहे. जांभळी गाव नि खैरमोडे गुरुजी यांच्या निमित्ताने संपादन, मोबदला, पर्यायी जमीन यांची फरफट उलगडते. विस्थापन पाणी चढल्यावर संपत नाही, ते कचेरीच्या पायऱ्यांवर चालू राहते, हे तिने मराठी वाचकाला ठसठशीतपणे दाखवले. १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला उगीच मिळाला नाही.

मर्यादाही तिथेच आहे. वाचकाचा संताप लाचखाऊ अधिकारी, दलाल, पुढारी यांच्यावर जमत जातो. माणसे बदलली असती तर न्याय मिळाला असता, अशी समजूत मनात घर करते. ती तपासायची तर कोयनानगरला यावे. कादंबरीतले गाव कोयनेचे नाही. पण सत्तेला विचारलेल्या प्रश्नांचे काय होते, हे इथे स्पष्ट दिसते.

शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले ते १९६१-६२च्या सुमारास. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. मधल्या काळात एक पैसाही न खाणारा अधिकारी समोर बसलेला असता, तरी कायद्याचा आधार नसताना तो काय देणार होता? इथे प्रश्न माणसाच्या सचोटीचा नाही. गाव उठवण्याआधी गावाचे काय करायचे हे ठरवणे गरजेचे वाटले नाही, हा मूळ निर्णयाचा प्रश्न आहे. त्याची झडती कादंबरी पुरेशी घेत नाही.

असेच एक गृहीत जमिनीबद्दलही होते. द्वीपकल्पाचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जाई. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा गुणांक अवघा ०.०५ धरला होता. पाणी साठू लागले तसे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणालाही तडे गेले. यात लाच कोणी खाल्ली होती? जाणकारांनी प्रामाणिकपणे मानलेली गोष्टच अपुरी निघाली. म्हणून अधिकाऱ्याला 'तू चोर आहेस का?' एवढेच विचारून भागत नाही. 'तुला हे कशावरून ठाऊक?' हेही विचारावे लागते, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला तर ते आवर्जून विचारावे लागते.

शास्त्रज्ञांनी ते विचारले. १९६८-६९पासूनच्या शोधनिबंधांत जलाशय नि भूकंप यांचा संबंध मांडला गेला. पुढे गोठण्याजवळ सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन खडक तपासला गेला. जमिनीविषयीच्या प्रश्नासाठी सरकारने यंत्रे आणली, पैसा दिला. माणसांविषयीचा प्रश्न विचारणाऱ्याला मात्र पुरावा स्वतःच आणावा लागला. पाणी साठून अर्धशतक उलटल्यावर, २०१८ साली, श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त कोयनानगरात ठिय्या देऊन बसले, ते याच थकलेल्या हिशेबासाठी.

त्यामुळे 'झाडाझडती' आज पुन्हा वाचताना डोळे पुसून पुस्तक मिटू नये. माणसांची झडती तिने घेतली आहे. निर्णयांचा झाडा मागण्याचे काम पुढच्या मराठी कादंबरीकडे, आणि तोवर वाचकाकडे, शिल्लक आहे.